गुरुवारी एक कप्पा

बाकी महाराष्ट्राला रविवारी सुट्टी, आम्हाला गुरुवारी. पिंपरी, भोसरी, चाकणच्या बहुतेक कारखान्यांचा हा जुना रिवाज. विजेचा भार आठवड्यात वाटला जावा म्हणून औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे रविवारच्या पुरवणीत ‘या सुट्टीत घर कसं मोकळं कराल’ असा लेख येतो, तेव्हा मी फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये तळवड्याच्या ट्रॅफिकात अडकलेली असते. लेख मात्र मी वाचते. सगळा पसारा एकदाच बाहेर काढा, मन घट्ट करा, दोन दिवसांत घर नवं होईल, असा त्याचा सूर असतो. तो कधीच पटत नाही, कारण माल हलवण्याचं काम मी रोज बघते आणि दोन दिवसांत काहीही हलत नाही.

मी चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. राहते निगडीच्या यमुनानगरात, सासऱ्यांच्या घरात. सासरे, म्हणजे आप्पा, माण तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळानंतर गाव सोडून इकडे आले आणि एका मोठ्या कारखान्यात चिकटले. त्याच वर्षी, १४ मार्च १९७२ला, पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं होतं. कामगारांना परवडतील अशी घरं आणि प्लॉट नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, असा त्याचा उद्योग. पुढे आप्पांना दोन खोल्यांचं घर मिळालं. मग वरचा मजला चढला, मग गच्चीवर पत्र्याची खोली झाली. माणसं वाढली म्हणून मजला चढवला, असं घरात सांगतात. माणसं लग्नं करून, नोकरी धरून बाहेर गेली. खोलीत सामान राहिलं.

या शहरातल्या घरांत काय साचतं, हे बाहेरच्या लेखकांना माहीत नसतं. ते पुस्तकं आणि कपडे यांवर लिहितात. आमच्याकडे कंपनी साचते. दसरा-दिवाळीच्या भेटी: कॅसरोल, डिनर सेट, कंपनीचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ, चाकांची बॅग, ब्लँकेट, पुन्हा कॅसरोल. चार मार्चच्या सुरक्षा दिनाचे टी-शर्ट आणि टोप्या. दरवर्षीचे युनिफॉर्म, त्यातले जुने ‘पुसायला होतील’ म्हणून ठेवलेले. इतकी पुसणी झाली आहेत, की अख्खी गल्ली पुसून निघेल. सेफ्टी शूज, एकाचा तळ गेलेला, दुसऱ्याची लेस. मशिनच्या पॅकिंगच्या पाइन लाकडाचं आप्पांनी स्वतः ठोकलेलं मांडणीचं रॅक आणि त्यावर डालड्याच्या जुन्या डब्यांत नट, बोल्ट, वॉशर, अर्धवट झिजलेली ड्रिल बिट. दोन घरं सोडून विचारा, तिथेही हाच माल मिळेल, फक्त घड्याळावरचं नाव वेगळं.

आप्पांना कंजूष म्हणणं सोपं आहे. पण ज्या काळात ते या गावात उभे राहिले, तो काळ आठवावा. ‘चेतक’ स्कूटर १९७२मध्ये बाजारात आली. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आकुर्डीत ती बनायची आणि तरी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. गॅसला नंबर, फोनला नंबर, सिमेंटला परमिट. ज्याने एखाद्या वस्तूसाठी अर्ज करून, पावती जपून, वाट बघितली, तो त्या वस्तूचं खोकंसुद्धा फेकणार नाही. ‘असू दे गं, लागंल’ हे त्यांचं वाक्य चिडून म्हटलेलं नसतं. बोल्ट लागला आणि दुकानात नव्हता, असं त्यांच्या आयुष्यात खरोखर घडलं आहे. आज तो बोल्ट दहा मिनिटांत घरपोच येतो. पण हे त्यांना एका शनिवार-रविवारात पटवायला निघालेली सून घर आवरत नसते, भांडण लावत असते.

आता कंपनीकडे येते. आमच्याकडे फाइव्ह एस आहे. या पट्ट्यातल्या कुठल्याही कामगाराला तो सांगावा लागत नाही, भिंतीवरच असतो. जपानी कारखान्यांतून आलेली पद्धत: निवड, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण, शिस्त. ऐंशीच्या दशकात बजाजने कावासाकीशी हात मिळवले, इतरांनी इतर जपान्यांशी, आणि जपानी यंत्रांबरोबर अशा शिस्तीही हळूहळू एमआयडीसीत उतरल्या. पहिल्या ‘एस’चं हत्यार म्हणजे लाल टॅग. शॉपवर, म्हणजे उत्पादनाच्या जागी, फिरायचं आणि जी वस्तू कामाची वाटत नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर वस्तूचं नाव, तारीख, विभाग. मग ती वस्तू पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या वेगळ्या जागेत ठेवायची आणि ठरलेले दिवस तिथे राहू द्यायची. कुणी मागायला आलं तर परत, नाही आलं तर निकाल.

बाहेरच्यांना वाटतं, लाल टॅग म्हणजे फेकण्याची खूण. प्रत्यक्षात ती थांबण्याची खूण आहे. टॅग लावणाऱ्याला वस्तू फेकायचा अधिकार नसतो. ती ज्या विभागाची, त्याचा माणूस सही करतो. दुसरी गोष्ट, निकाल लागला की ती वस्तू कंपनीत राहत नाही. स्क्रॅप यार्ड, वजनकाटा, गेटपास, बाहेर. जिथे हे शेवटचं पाऊल ढिलं असतं, तिथे लाल टॅगची जागाच भंगाराचं गोदाम होते आणि काही महिन्यांनी कुणी टॅग लावायलाही येत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या आठवड्यात लोक उत्साहाने कोपरे उपसतात, फोटो काढतात, बोर्डावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ चिकटवतात. काढलेला माल तिथेच पडलेला दिसला की पुढच्या आठवड्यात निम्मे येतात.

म्हणून घर आवरण्याच्या उत्साहाबद्दल जे सल्ले देतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. ते म्हणतात, उत्साह टिकवा म्हणजे पसारा जाईल. मी उलट क्रम पाहिला आहे. काढलेली वस्तू त्याच दिवशी दाराबाहेर गेली तर पुढच्या गुरुवारी हात आपोआप दुसऱ्या कप्प्याकडे जातो. ती पिशवीत भरून दाराच्या मागे उभी राहिली, की पंधरा दिवसांनी त्याच पिशवीतून कुणीतरी काहीतरी परत काढतं. बहुतेक वेळा आप्पा.

जपानने जगाला घराबद्दलही एक शिकवण दिली, ती कारखान्यातल्या शिकवणीच्या अगदी विरुद्ध. मारी कोंडो यांचं पुस्तक तिकडे २०११च्या सुमारास आलं, इंग्रजीत २०१४ला, मग २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका. त्यांचं म्हणणं: रोज थोडं थोडं आवराल तर जन्मभर आवरतच राहाल, सगळं एकदाच, झटक्यात करा. वस्तू हातात घ्या आणि तिने आनंद होतो का ते बघा. हे वाचून मी आप्पांचा डबा डोळ्यांसमोर आणला. त्यातल्या प्रत्येक नट-बोल्टने त्यांना आनंद होतो. अडचण नेमकी तीच आहे! पुढे २०२३मध्ये कोंडोबाईंनीच सांगितलं, की तिसऱ्या मुलानंतर घर पूर्वीसारखं नीटनेटकं ठेवण्याचा आग्रह आपण बराचसा सोडला आहे. काहींनी त्यांची थट्टा केली. मला त्या तेव्हा पहिल्यांदा आपल्या वाटल्या. दुसरीकडे मासाकी इमाई यांनी १९८६च्या पुस्तकातून जगभर नेलेला कायझेन आहे, रोजची छोटी सुधारणा, जिला न थांबणं हीच अट. तीन शिफ्टच्या गावाला दुसरा जपानच झेपणारा आहे. नाईट करून आलेल्या माणसाला अख्खं कपाट पलंगावर उपसून दाखवा आणि मग तो झोपणार कुठे, ते सांगा.

आमच्या घरात आता गुरुवारी एक कप्पा होतो. खोली नाही, कपाट नाही, कप्पा. कुकर लावायचा आणि वरण-भाताच्या शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत जेवढं होईल तेवढं. नंतर हात लावायचा नाही, जोर आला असला तरी. जोर आलेल्या दिवशी जास्त केलं की पुढचे दोन गुरुवार कुणी फिरकत नाही, हा नियम शॉपवरही तंतोतंत लागू आहे.

सुरुवात कुठून करायची, यावर मला ठाम मत आहे. जिथे मालक नाही तिथून. फोटो, पत्रं, सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, साड्या, मुलीची प्रमाणपत्रं यांना वर्षभर हात लावू नये. तिथे प्रत्येक वस्तूला एक माणूस चिकटलेला असतो. पहिला कप्पा औषधांचा. तारीख स्ट्रिपवरच छापलेली असते, वाद घालायला जागा नाही. मग झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं. मग हॉटेलच्या पार्सलचे प्लास्टिकचे डबे. मग ती थोरली पिशवी जिच्यात बाकी सगळ्या पिशव्या असतात. २०१८मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा वाटलं होतं की ही पिशवी आता रोडावेल. झालं उलटंच: आता मिळणार नाहीत म्हणून लोकांनी असलेल्या पिशव्या घड्या घालून जपल्या. मग वायरी आणि चार्जर. एका गुरुवारी आमच्या खणातून असे चार्जर निघाले, की ज्यांचे फोन घरातल्या कुणालाच आठवेनात.

ज्याला मालक आहे, त्याला लाल चिंधी. जुन्या युनिफॉर्मच्या ढिगात आईंची एक लाल ओढणी निघाली, तिच्याच चिंध्या केल्या. कुणीही कुणाच्याही वस्तूला चिंधी बांधू शकतं, पण चिंधी सोडायची की वस्तू काढायची, हे मालकाने ठरवायचं. आप्पांच्या ड्रिल मशिनला मी चिंधी बांधली, त्यांनी सोडली. माझ्या नाकावर टिच्चून त्यांनी माझ्या दोन कॅसरोलना बांधली, मी सोडू शकले नाही. हा खेळ वाटतो, पण यामुळे एक मोठी गोष्ट घडली. पूर्वी आवराआवर म्हणजे सुनेने सासऱ्यांची अडगळ काढणं होतं. आता सगळ्यांचीच वस्तू टॅगवर असते. मुलीच्या दहावीच्या नवनीतांचा गठ्ठा तिने स्वतः उचलून शेजारच्या मुलाला दिला. नवऱ्याचं क्रिकेटचं पॅड अजून चिंधीसकट लोंबतंय. लोंबू दे.

इथे बायांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या शॉपवर ऑपरेटर आपलं मशिन स्वतः पुसतो. शिफ्ट संपायच्या आधीची काही मिनिटं त्यासाठीच असतात. हाउसकीपिंगवाल्या मावशी मशिनला हात लावत नाहीत. हाच ऑपरेटर घरी येतो, बूट दारात, डबा ओट्यावर, जर्किन खुर्चीवर. कंपनीत त्याला शॅडो बोर्ड कळतो, म्हणजे पान्याच्या आकाराची सावली रंगवून ठेवलेली फळी, जिच्यावर रिकामी जागा लांबून दिसते. घरात मात्र कात्री कुठे आहे ते बायकोला विचारायचं. कारखान्याच्या शिस्तीचं एवढं कौतुक करणाऱ्या आमच्या शहरात ती शिस्त गेटवरच काढून ठेवतात, हे मला खटकतं. घर मोकळं होत नाही याचं निम्मं कारण, ते एकाच माणसाचं काम धरलेलं असतं आणि तो माणूसही शिफ्ट करून आलेला असतो.

वर्षातून एकदा मात्र सगळं घर कामाला लागतं, घट बसायच्या आधी. गोधड्या धुवायच्या, भांडी उतरवून घासायची, जळमटं काढायची. पुढे लक्ष्मीपूजनाच्या रात्री केर काढून, सूप बडवून अलक्ष्मीला बाहेर घालवायची जुनी रीत. मला हे सगळं आवडतं. पण त्याचा स्वभाव कस्टमर ऑडिटसारखा आहे: पाहुणा येणार म्हणून सगळं चकाचक, पाहुणा गेला की पुन्हा तेच. त्या धुण्या-पुसण्यात वस्तू स्वच्छ होतात, कमी होत नाहीत. धुतलेलं कॅसरोल पुन्हा माळ्यावरच जातं.

मग वस्तू जाते कुठे? इथे आमचं शहर कमी पडतं. पूर्वी बोहारीण यायची. जुने कपडे घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची, आणि तिच्याशी घासाघीस करण्यासाठी म्हणून का होईना बाया कपाट उपसायच्या. आता ती गल्लीत क्वचित दिसते. भंगारवाला लोखंड, पत्रा, रद्दी नेतो. कपड्याला, चपलांना, फुटक्या प्लास्टिकला हात लावत नाही. (ज्या भंगाराच्या ठेक्यांवरून चाकणमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर जातात, ते आपण घरात फुकट सांभाळून बसलो आहोत, हेही एक नवल.) भंगारवाल्याच्या गाडीवरचा माल पुढे कुठे जायचा, हे शहराला बऱ्यापैकी उशिरा दिसलं. चिखलीतल्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं वर्षानुवर्षं वाढत होती. आगी लागायच्या, डिसेंबर २०२४मधली तर फार मोठी होती. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. गोदामं हलली. आपल्या दारातून निघणारा माल तेवढाच राहिला.

घंटागाडीत टाकलं तर ते मोशीला जातं. तिथला कचरा डेपो ८१ एकरांचा, आणि १ ऑगस्ट २०२३ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेला कचऱ्यापासून वीज बनवणारा १४ मेगावॉटचा प्रकल्पही तिथेच. चांगलंच आहे. पण चालू स्थितीतला मिक्सर किंवा न वापरलेला डिनर सेट जाळून वीज करणं हे कुठल्याच शहाणपणात बसत नाही. त्याच २०२३च्या उन्हाळ्यात केंद्राच्या मोहिमेतून शहराशहरांत जुन्या वस्तू जमा करायची ‘आरआरआर’ केंद्रं उघडली, आपल्या महापालिकेनेही उघडली. कल्पना उत्तम. गल्लीतल्या किती बायांना आपलं केंद्र कुठे आहे ते सांगता येईल, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत विचारून पाहावं.

राहिलं गाव. ‘गावाला पाठवू’ हे आमच्या पट्ट्यातलं सगळ्यात सोयीचं वाक्य. सातारा, नगर, बीड, जळगाव, जिथून जो आला तिथे त्याचं एक घर आहे आणि त्या घरात इथला जुना टीव्ही, मोडका कूलर, एका पायाचं टेबल जाऊन बसलेलं आहे. टेम्पोचं भाडं वस्तूच्या किमतीहून जास्त. गावाकडच्या जावेला नको म्हणता येत नाही. आमच्या माणच्या घराची पडवी अशीच भरली होती. तिथे दिवाळीला गेलो तेव्हा जाऊबाई मला एवढंच म्हणाल्या, “ताई, तुमचं घर छान मोकळं झालंय म्हणे.” मी विषय बदलला. आता गावाला फक्त ती वस्तू जाते जी तिकडून कुणीतरी मागितली आहे.

तर मागणी दोन आहेत. एक महापालिकेकडे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, ते मुख्यतः उत्पादकांवर जबाबदारी टाकतात. पण माझ्या खणातला चार्जर उत्पादकापर्यंत जाणार कसा? महिन्यातून एका ठरलेल्या गुरुवारी घंटागाडीच्या मागे एक वेगळी गाडी फिरवा: कपडे, चपला, वायरी, चालू अवस्थेतली भांडी-यंत्रं. गुरुवारच का, हे या शहरात समजावून सांगावं लागू नये. माणसं त्या दिवशी घरी असतात. गाडी येणार हे माहीत असलं की बुधवारी रात्री कपाट आपोआप उघडतं. बोहारणीने पिढ्यान्‌पिढ्या हेच करून दाखवलं.

दुसरं मागणं कंपन्यांकडे आणि युनियनकडे. दिवाळीची भेट द्या, पण वस्तू कामगाराला निवडू द्या, किंवा तेवढे पैसे खात्यात टाका. आमच्या कंपनीत भेटवस्तूची कमिटी गणपती झाले की बसते. नमुने टेबलावर मांडतात, सगळे उचलून वजन बघतात आणि सगळ्यात जड वस्तू पास होते, कारण हलकी भेट दिली तर कंपनी कंजूष ठरते. यंदा मी कमिटीत नाव दिलं आहे. लेखी प्रस्ताव केलाय: ज्याला वस्तू नको, त्याला किराण्याचं कूपन. स्टोअरचे साहेब म्हणाले, “मॅडम, लोक नाराज होतील, घरी काय दाखवणार?” प्रश्न खरा आहे. माणूस घरी खोकं घेऊन येतो तेव्हा त्याच्या पोरांचे चेहरे मी पाहिलेत. म्हणून सक्ती नको, फॉर्मवर नुसता एक पर्याय छापा. किती जण खूण करतात ते मोजू आणि आकडा बोर्डावर लावू. आप्पा निवृत्त, त्यांना फॉर्म मिळणार नाही. पण त्यांनी मला आधीच सांगून ठेवलंय, की कूपनच्या ऐवजी या वेळी चांगला टॉर्च असेल तर टॉर्चच घे.